स्टॉकहोमचा पहिला हिवाळा: थंडीच्या आधी काळोखाची तयारी करा

ऑक्टोबर लागला की नव्याने आलेल्या मराठी मंडळींचे फोन सुरू होतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, ताई जॅकेट कुठलं घेऊ. जॅकेटचं सांगतेच, पण त्याआधी एक गोष्ट सांगते कारण मला ती कोणी सांगितली नव्हती. थंडीने इथे फारसं कोणाचं अडत नाही. कपडे नीट घेतले आणि ते घालायचे कसे हे कळलं की आठवड्याभरात थंडीची भीती जाते. माणूस खचतो तो काळोखाने, आणि हा काळोख एका दिवसात येत नाही, रोज तीन-चार-पाच मिनिटं सरकत सरकत येतो, त्यामुळे आपल्याला काहीतरी होतंय हे कळेपर्यंत महिना गेलेला असतो.

मी २०१७ च्या ऑगस्टमध्ये साताऱ्याहून इथे आले. तेव्हा रात्री साडेआठपर्यंत उजेड, सगळे लोक तळ्याकाठी, मला वाटलं काय सुंदर गाव आहे. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एका दिवशी बाहेर अंधार पडला म्हणून मी देवापाशी दिवा लावला, कुकर लावला, वरणभात जेवून घेतला आणि आडवी झाले. नवरा ऑफिसातून आला तेव्हा साडेपाच वाजले होते. त्याने लाइट लावला आणि विचारलं की बरं वाटत नाहीये का, तेव्हा मला रडू फुटलं आणि का रडतेय ते सांगता येईना. नंतर हिशेब केला तर मी चार दिवस घराबाहेर पाऊलच टाकलं नव्हतं. हे सगळं लिहितेय ते त्या नोव्हेंबरमुळे, तुमचा तसा जाऊ नये म्हणून.

आधी आकडे डोक्यात बसवा म्हणजे मनाची तयारी होते. २१ डिसेंबरच्या आसपास स्टॉकहोमला सूर्य पावणेनऊला उगवतो आणि तीनला दहा कमी असताना मावळतो, म्हणजे सहा तासांचा दिवस. त्याच दिवशी मुंबईत अकरा तासांचा असतो. आणि हे सहा तास पण आपल्याकडच्यासारखे नाहीत, भर दुपारी सूर्य क्षितिजापासून फक्त सात अंश वर येतो, साताऱ्यात तो तेव्हा ४९ अंशांवर असतो. हात समोर ताठ धरून मूठ वळलीत तर ती मूठ साधारण दहा अंश झाकते, म्हणजे इथला दुपारचा सूर्य एका मुठीच्याही खाली. समोर चार मजली बिल्डिंग असेल तर तो दिसतच नाही. त्यात ढग. डिसेंबरच्या अख्ख्या महिन्यात प्रत्यक्ष ऊन पडतं ते जेमतेम तीस-चाळीस तास. (स्वीडनच्या उत्तर टोकाला किरुनाला तर डिसेंबरात दोन-तीन आठवडे सूर्य उगवतच नाही, तिकडे बदली झाली असेल तर खालचं सगळं दुप्पट मनावर घ्या.)

सगळ्यात मोठा धक्का बसतो तो ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, घड्याळं तासभर मागे जातात तेव्हा. आदल्या दिवशी सव्वापाचच्या आसपास मावळणारा सूर्य दुसऱ्या दिवशी सव्वाचारलाच जातो. ही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि तुमचा हिवाळ्याचा दिनक्रम त्या दिवसापासून सुरू करा, डिसेंबरची वाट बघू नका. नोव्हेंबर डिसेंबरपेक्षा वाईट असतो असं माझं ठाम मत आहे, कारण तेव्हा बर्फ नाही, खिडक्यांत दिवे नाहीत, नुसता करडा पाऊस. बर्फ पडला की उलट उजेड वाढतो, रस्त्यावरच्या दिव्याचा प्रकाश बर्फावरून परत येतो आणि रात्रसुद्धा फिकट दिसते.

आता दिनक्रम म्हणजे काय तर एकच नियम, रोज दुपारी बाराच्या आसपास अर्धा तास उघड्यावर. डिसेंबरात सूर्य सगळ्यात वर असतो तो बाराच्या पंधरा मिनिटं आधी, म्हणून साडेअकरा ते साडेबारा हा तास राखून ठेवा. बाहेर ढगच आहेत मग कशाला जाऊ असं वाटतं पण ते चुकीचं आहे. लक्स हे उजेड मोजायचं माप, घरातल्या दिव्याखाली शंभर-दोनशे लक्स उजेड असतो, चांगल्या ऑफिसात पाचशेच्या आसपास, आणि ढगाळ दुपारीसुद्धा बाहेर हजाराच्या वर असतो. मेंदूतलं घड्याळ चालतं ते डोळ्यांत जाणाऱ्या उजेडावर, तो दिवसा पुरेसा गेला नाही तर झोप आणणारं मेलाटोनिन भलत्या वेळी पाझरतं, मग दिवसभर गुंगी आणि रात्री टक्क जाग. खिडकीजवळ बसून भागत नाही, काचेतून आणि फक्त एका बाजूने येणारा उजेड फार कमी पडतो.

ऑफिसवाल्यांनी कॅलेंडरमध्ये ती वेळ सरळ मीटिंगसारखी ब्लॉक करा. स्वीडनमध्ये याचं कोणाला काही वाटत नाही, जेवणाच्या सुट्टीत फेरी मारायला जाणारे स्वीडिश सहकारी तुम्हाला बरेच भेटतील, त्यांच्याबरोबर जा.

माझी युक्ती सांगते. हिवाळ्यात भारत स्वीडनच्या साडेचार तास पुढे असतो. पावणेबाराला मी एड्सविकेन खाडीच्या काठच्या पायवाटेवर निघते तेव्हा साताऱ्यात सव्वाचार झालेले असतात आणि आई चहा टाकत असते. मी तेव्हाच फोन लावते. एक कान टोपीखाली, त्यात इअरफोन, आई आधण आलं, दूध घातलं हे पण सांगते, मागे कुकरची शिट्टी नाहीतर भाजीवाल्याची हाक येते, आणि मी चालत असते. बोलणं संपेपर्यंत पस्तीस-चाळीस मिनिटं झालेली असतात. आधी मी संध्याकाळी फोन करायचे तर तिकडे साडेदहा-अकरा वाजलेले, ती झोपेला आलेली आणि मी रडवेली, दोघींनाही त्रास. आता तिला माहितीये की तिच्या चहाची वेळ म्हणजे माझ्या उजेडाची वेळ, मी पाच मिनिटं उशीर केला की तीच फोन करते, अगं बाहेर पडलीस का. घरातल्या कोणाला तरी हे काम देऊन टाका, एकट्याच्या निश्चयावर हे टिकत नाही.

सकाळसाठी उजेडाचा दिवा घ्या, लाइट थेरपीचा. घेताना १०,००० लक्स लिहिलंय का आणि ते किती अंतरावर हे बघा, बरेच स्वस्त दिवे अगदी नाकासमोर धरले तरच तेवढा उजेड देतात. उठल्यावर तासाभरात वीस ते तीस मिनिटं, दिवा थोडा बाजूला ठेवायचा, त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही, चहा पिताना पेपर वाचताना शेजारी असू द्यायचा. संध्याकाळी लावू नका, झोप उडते. हा प्रकार काही नवीन नाही, हिवाळ्यात ठरावीक काळ येणारं नैराश्य हा वेगळा आजार म्हणून नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये मांडला तेव्हापासून उजेडाने उपचार चालू आहेत. डोळ्यांचा काही आजार असेल, बायपोलरचा त्रास असेल किंवा उजेड सहन न होणारी औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि झोपेचं. आजी म्हणायची तिन्हीसांजेला झोपू नये, लक्ष्मी यायची वेळ असते. इथे तिन्हीसांजा दुपारी तीनला होतात आणि शरीर खरंच म्हणतं की आता पड. पडू नका. ज्या दिवशी मी तीन ते पाच झोपले त्या प्रत्येक रात्री मी दोन वाजेपर्यंत जागी होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळचा उजेड हुकला, की मग ते चक्र आठवडाभर सुटत नाही. त्यापेक्षा तीन वाजता घरातले सगळे दिवे लावा, देवापाशी दिवा लावा, उदबत्ती लावा, चहा करा आणि उभ्याने करायचं एखादं काम काढा. अगदीच डोळे मिटत असतील तर वीस मिनिटांचा गजर लावून खुर्चीत बसूनच डुलकी.

ड जीवनसत्त्वाचं कोणी हलक्यात घेऊ नका. साधारण ऑक्टोबर ते मार्च इथला सूर्य इतका खाली असतो की त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे यूव्हीबी किरण आपल्यापर्यंत जवळपास पोचतच नाहीत, कितीही वेळ उन्हात उभं राहिलात तरी. त्यात आपली त्वचा सावळी, तिला गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त ऊन लागतं, आणि आपल्यातले बरेच जण मासे खात नाहीत. स्वीडनमध्ये मोठ्या माणसांसाठी रोजची शिफारस १० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे ४०० युनिट, आणि ऊन कमी मिळणाऱ्यांसाठी २०. इथल्या बहुतेक दुधात ते आधीच घातलेलं असतं, पाकिटावर बघून घ्या. तरी पहिल्याच हिवाळ्यात रक्त तपासून घ्या आणि त्यासोबत हिमोग्लोबिन, बी १२, थायरॉइड पण बघायला सांगा. शाकाहारी असाल तर बी १२ नक्कीच. कारण थकवा यातल्या कशानेही येतो आणि आपण सगळं हिवाळ्यावर ढकलून मोकळे होतो. भारतात मिळणारी ६०,००० युनिटची गोळी बॅगेत भरून आणून मनानेच घेत बसू नका, किती घ्यायचं ते तपासणीनंतर डॉक्टर ठरवतील. बाळांना पहिली दोन वर्षं ड चे थेंब देतात, ते बालआरोग्य केंद्रातून मिळतात, त्यानंतर चालू ठेवायचे का हे तिथल्या नर्सला विचारा.

आता कपडे. भारतातून जाड जॅकेट घेऊन येऊ नका, बॅगेतली जागा भाजणीला ठेवा. तिकडच्या दुकानात जाडजूड दिसणारं जॅकेट बहुतेक वेळा वारं अडवत नाही आणि इथल्या ओल्या हवेत जड होतं. तीन थर लक्षात ठेवा. अंगाला लागून मेरिनो लोकरीचं पातळ बनियन आणि लेगिंग, त्यावर लोकरीचा स्वेटर किंवा फ्लीस, आणि सगळ्यात वर वारं-पाणी अडवणारं जॅकेट, मांड्या झाकेल एवढं लांब. अंगाला सुती कपडा नको. आपल्याला सुतीची सवय असते पण सुती कपडा घाम धरून ठेवतो, बसमध्ये गरम झालात आणि उतरून स्टॉपवर उभे राहिलात की तो ओला कपडा बर्फासारखा गार पडतो. लोकर ओली झाली तरी ऊब देते आणि तिला वासही लवकर येत नाही, रोज धुवावी लागत नाही, रात्री खिडकीपाशी वाऱ्यावर टाकायची. मेरिनोने अंगाला खाज येत नाही, आपल्या जुन्या स्वेटरसारखी ती टोचत नाही, हे मला हात लावून बघेपर्यंत पटलं नव्हतं.

खर्च कमी करायचा तर सेकंडहँडची लाज बाळगू नका, इथे कोणीच बाळगत नाही. मिरोर्ना आणि स्टाट्समिशूनेनची दुकानं आहेत, ब्लोकेट या वेबसाइटवर लोक आपल्या वापरलेल्या वस्तू विकतात, मुलांचे ओव्हरऑल तर एक सीझन वापरून अगदी नव्यासारखे मिळतात. पैसे घालायचेच तर बुटात घाला. बूट एक नंबर मोठा घ्या, जाड लोकरीचा मोजा घालून आत बोटं हलली पाहिजेत, बोटांभोवती हवा असेल तरच ऊब राहते. दोन-दोन मोजे कोंबून घट्ट बूट घातला की पाय जास्त गारठतो. हातमोज्यांमध्ये बोटं वेगळी असलेल्यापेक्षा चारही बोटं एकत्र असणारे जास्त गरम. कानटोपी कान पूर्ण झाकणारी. उणे १० झालं की धातूच्या कानातल्याने कानाची पाळी ठणकते, त्या दिवशी ते काढून ठेवा. फोन आतल्या खिशात, थंडीने बॅटरी बघता बघता उतरते. दिवाळीच्या किंवा हळदीकुंकवाच्या कार्यक्रमाला साडी नेसायची असेल तर परकराच्या आत लोकरीची लेगिंग, पायात बूट, चपला पिशवीत, तिथे गेल्यावर बदलायच्या. इथेही घरात जाताना सगळेच बूट काढतात, त्यामुळे मोजे फाटके नसावेत.

एक गोष्ट सगळे नवीन लोक विसरतात, ती म्हणजे रिफ्लेक्टर. काळ्या जॅकेटमधला माणूस गाडीचे दिवे लो बीमवर असताना पंचवीस-तीस मीटरवर आल्यावरच दिसतो, रिफ्लेक्टर लटकवलेला असेल तर सव्वाशे मीटरवरून. दोन्ही बाजूंना गुडघ्याच्या उंचीला लटकतील असे लावा, मुलांच्या दप्तराला लावा, आईवडील आले असतील तर त्यांच्या कोटाला आठवणीने लावा कारण ते आपल्या गावच्या सवयीने चालतात. सायकलला अंधारात पुढे पांढरा मागे लाल दिवा कायद्यानेच लागतो. गाडी असेल तर रस्त्यावर हिवाळी परिस्थिती असताना १ डिसेंबर ते ३१ मार्च हिवाळी टायर सक्तीचे.

बर्फापेक्षा घात करतो तो बर्फ वितळून पुन्हा गोठतो तेव्हाचा काचेसारखा थर. त्याला इथे हाल्का म्हणतात, हा शब्द हवामानाच्या बातम्यांत ऐकू आला की जपून. बुटाच्या तळाला अडकवायचे खिळ्यांचे पट्टे मिळतात, ब्रोद्दार, ते ऑक्टोबरमध्येच घेऊन ठेवा, जानेवारीत हाल्का झाली की दुकानात माप मिळत नाही. दुकानात किंवा मेट्रोत शिरताना काढा, फरशीवर ते उलटे घसरतात. चालताना पावलं छोटी, पूर्ण तळवा टेकवायचा, अंग किंचित पुढे, आणि हात खिशात नाहीत. हात खिशात असताना पडलात तर सावरायला काहीच नसतं. छपरावरून बर्फ कोसळण्याची पाटी दिसली की पलीकडच्या फुटपाथवरून जा. आणि तळं गोठलंय, लोक चालतायत म्हणून तुम्ही बर्फावर पाय ठेवू नका, तिथे किमान दहा सेंटीमीटर पक्का बर्फ लागतो आणि तो ओळखणं हे शिकायचं काम आहे.

मुलांबद्दल पालक उगाच घाबरतात. इथल्या बालवाडीत पाऊस असो बर्फ असो मुलांना रोज बाहेर काढतात, लहान बाळं तर बाबागाडीत गुंडाळून बाहेरच झोपवतात. आईला मी हे व्हिडिओ कॉलवर दाखवलं तेव्हा ती दोन दिवस अस्वस्थ होती. पण कपडे नीट असतील तर मूल छान राहतं, खातं चांगलं, झोपतं चांगलं. बालवाडीत एक जादा जोड मोजे-हातमोजे कायम ठेवा, आणि प्रत्येक वस्तूवर नाव लिहा, वीस मुलांचे हातमोजे सारखेच दिसतात.

घरात थंडी नसते, २०-२१ अंश असतं, भाड्याच्या घरात हीटिंग बहुतेक भाड्यातच असतं. पण हवा कोरडी ठणठणीत. त्वचा उलते, ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात, नाकातून रक्त येतं, दाराच्या मुठीला हात लावला की झटका बसतो. खूप गरम पाण्याची लांब आंघोळ करावीशी वाटते तीच त्वचेला जास्त कोरडी करते. पाणी कोमट, आंघोळ थोडक्यात, आणि अंग ओलसर असतानाच तिळाचं तेल किंवा घट्ट क्रीम. बाहेर जायच्या आधी मुलांच्या गालांना तेलकट मलम लावा. खोबरेल तेलाची बाटली दगड होते, ते रुंद तोंडाच्या बरणीत काढून ठेवा म्हणजे चमच्याने खरवडता येतं. रेडिएटरसमोर सोफा लावू नका, ऊब खोलीत फिरत नाही. निरांजन आणि फोडणी दोन्ही स्मोक अलार्मपासून लांब.

स्वयंपाकघरात दोन अडचणी येतात, दही लागत नाही आणि पीठ आंबत नाही. ओव्हन चालू न करता फक्त आतला दिवा लावायचा आणि विरजण लावलेलं भांडं टॉवेलात गुंडाळून आत ठेवायचं, रात्रभरात घट्ट दही. इडलीचं पीठ तसंच, फक्त त्याला चौदा-सोळा तास द्या. बाकी खाण्याच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत कारण आपल्याकडे थंडीचं खाणं पिढ्यान् पिढ्या ठरलेलं आहे. बाजरीची भाकरी, तीळकूट, कुळथाचं पिठलं, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मेतकूट-भात. गावाकडे थंडी संपते म्हणून हे वर्षातून दोन महिने खायचो, इथे पाच महिने खाता येतं. गोड मात्र जपून, अंधारात गोड आणि मैद्याची भूक फार लागते आणि चालणं कमी होतं, पहिल्या हिवाळ्यात माझं सहा किलो वजन वाढलं. दुपारची फीका मात्र चुकवू नका. फीका म्हणजे नुसती कॉफी नाही, काम बाजूला ठेवून माणसांबरोबर बसणं. आणि इथले लोक वेलचीवर आपल्याइतकंच प्रेम करतात. माझ्या पहिल्या डिसेंबरात स्टेशनबाहेरच्या बेकरीचं दार उघडलं आणि ताज्या वेलचीच्या बनचा वास आला, थेट आमच्या घरातल्या श्रीखंडाचा. मी आत जाऊन तो बन घेतला आणि उभ्याउभ्या खाल्ला. त्या आठवड्यातलं पहिलं बरं वाटणं ते.

सणांचा आधार धरा, आणि इथल्यांचे आणि आपले सण एकमेकांना कसे लागून येतात ते बघा. दिवाळी बरोबर काळोख गडद व्हायला लागतो तेव्हा येते. आकाशकंदील खिडकीत लावा आणि भाऊबीज झाली म्हणून काढू नका. नोव्हेंबरच्या शेवटी अ‍ॅडव्हेंट, म्हणजे ख्रिसमसच्या आधीचे चार आठवडे, सुरू झालं की सगळ्या शहराच्या खिडक्यांत कागदी चांदण्या आणि सात दिव्यांच्या दिवटीसारखे स्टँड लागतात, त्या चांदण्या आपल्या कंदिलाच्या सख्ख्या बहिणी दिसतात. आमच्या शेजारच्या आजी मला अजून विचारतात तुमची चांदणी कधी लागणार. मग १३ डिसेंबरला लुसिया, डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट घातलेली मुलगी पुढे आणि मागे पांढऱ्या झग्यातली मुलं गात येतात, काळोख्या चर्चमध्ये तो उजेड हळूहळू आत येतो. हे बघायला जाच, चर्चमध्ये नाहीतर शाळेत, मोठ्या ग्रंथालयातही असतं. सोबत केशर घातलेले पिवळे बन मिळतात. हा दिवस असा निवडलेला नाही, जुन्या ज्युलियन कॅलेंडरप्रमाणे तीच वर्षातली सगळ्यात मोठी रात्र मानली जायची. आणि १३ जानेवारीला इथले लोक ख्रिसमसची आरास उतरवतात, त्याच दिवशी बहुतेक आपली भोगी असते. मी त्या दिवशी लेकुरवाळी भाजी आणि बाजरीची भाकरी करते आणि दुसऱ्या दिवशी तीळगूळ देऊन मगच कंदील उतरवते.

जोडीदाराच्या नोकरीमुळे आलेल्या आणि दिवसभर घरात एकट्या असणाऱ्या बायकांना, आणि पुरुषांनाही, वेगळं सांगायचंय. तुम्हाला बाहेर पडायला कारण नसतं, हाच मुख्य धोका आहे. म्हणून कारण विकत घ्या नाहीतर फुकटचं शोधा, पण ते सकाळचं हवं. इथला वैयक्तिक नोंदणी क्रमांक हातात आला की सरकारी स्वीडिश भाषेचा वर्ग, एसएफआय, फुकट असतो, तो ऑनलाइन न घेता सकाळच्या वेळचा प्रत्यक्ष वर्ग मागा. लहान मूल असेल तर खुली बालवाडी असते, तिथे आईबापांनी मुलासोबत जाऊन बसायचं, नोंदणी नाही पैसे नाहीत. ग्रंथालयात भाषेच्या गप्पांचे गट चालतात. पोहण्याचा तलाव आणि त्यातलं सॉना, सुरुवातीला संकोच वाटतो, पण फेब्रुवारीत हाडांपर्यंत ऊब पोचते ती तिथेच. आणि नवऱ्यांनो, बायको ठीक आहे म्हणाली तरी दुपारी एक फोन करून ती बाहेर जाऊन आली का एवढं विचारा.

भारतात सुट्टीवर कधी जायचं यावर माझं मत थोडं वेगळं आहे. सगळे डिसेंबरात जातात, तिकिटं महाग, आणि इथले दिव्यांचे चांगले दिवस हुकतात, परत येतात ते जानेवारीच्या मध्यावर सगळे दिवे उतरल्यावर आणि एकदम कोसळतात. मुलं शाळेत नसतील तर नोव्हेंबरचे दोन आठवडे जा. मुलं शाळेत असतील तर मुख्याध्यापकांच्या परवानगीशिवाय मध्येच रजा मिळत नाही, ते आधी बघा.

आणि एवढं सगळं करूनही सलग दोन आठवडे मन उदास असेल, कशात रस वाटत नसेल, अंघोळ-स्वयंपाक पण नकोसा झाला असेल तर हिवाळाच आहे जाईल म्हणून अंगावर काढू नका. ११७७ ला फोन करा, नर्स सल्ला देते कुठे जायचं ते. जवळच्या आरोग्य केंद्रात वेळ घ्या. जिवाचं बरंवाईट करून घ्यायचे विचार आले तर थेट ११२, हा तातडीच्या मदतीचा नंबर. मी पहिल्या वर्षी सहा आठवडे लपवलं, माहेरी काळजी करतील म्हणून. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं, रक्त तपासलं, गोळ्या दिल्या, बोलायला माणूस दिला, आणि फेब्रुवारीत मी पुन्हा मी झाले. त्या सहा आठवड्यांची काहीच गरज नव्हती.

उजेड परत येतो त्याची खूण सांगते, ती माहीत असली की धीर येतो. सगळ्यात लवकर सूर्यास्त २१ डिसेंबरला नसतो, त्याच्या आधीच, १५-१६ डिसेंबरला होऊन जातो. म्हणजे लुसियानंतर दोन-तीन दिवसांनी संध्याकाळ लांबायला लागलेली असते, सकाळ मात्र महिनाअखेरपर्यंत उशिरा होत राहते. संक्रांतीला सूर्य सव्वातीनच्या पुढे मावळतो. फेब्रुवारीत दिवस रोज पाच मिनिटांनी वाढतो, आठवड्याला अर्ध्या तासाहून जास्त, ते डोळ्यांना कळतं. मी फ्रिजवर एक कागद लावते आणि दर रविवारी त्यावर सूर्यास्ताची वेळ लिहिते, आता लेकच लिहिते. मार्चमध्ये पहिलं खरं ऊन पडलं की स्वीडिश लोक भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून, तोंड वर करून उभे राहतात, बसस्टॉपवर, ऑफिसच्या पायऱ्यांवर, कुठेही. तुम्हीही उभे राहा. फक्त हिवाळी बूट आणि ब्रोद्दार माळ्यावर टाकायची घाई करू नका, एप्रिलच्या शेवटापर्यंत ते दारातच असू द्या.